तीस दिवसांच्या बोलीवर

जुन्या जालन्यात रामप्रसादचं कापडाचं ठोक दुकान होतं. लॉकडाऊननंतर बाजार असा बसला की उधारीवर माल नेलेली निम्मी गिऱ्हाइकं फोनच उचलेनात. एकदा तर उधारी थकलेला कल्याण नावाचा जुना दोस्त त्याला लांबून पाहून दुसऱ्या गल्लीत वळला. पैसा बुडाल्यापेक्षा ते रामप्रसादच्या मनाला जास्त लागलं. त्यानं उधारी बंद केली. त्याला स्वतःलाही इचलकरंजीचे व्यापारी रोख मोजल्याशिवाय तागा पाठवत नव्हते.

दोन वर्षांनी एका दुपारी सत्यशीला दुकानात आली. पूर्वी तिच्या घरी आठ मशिनी चालायच्या, शाळांचे गणवेश शिवून व्हायचे. शाळा बंद पडल्या तेव्हा सहा मशिनी विकून तिनं रामप्रसादची पै न् पै चुकती केली होती.

"शेठजी, लोखंडाच्या कारखान्यात दोन पाळ्या सुरू झाल्यात. दीडशे कामगारांचे कपडे शिवायचं काम मिळालंय. बँकेत गेल्ते, पण दोन मशिनींवर कोण कर्ज देतंय? कापड लागतंय. पैसे महिन्यानं देईन."

नाही म्हणायची सवय जिभेला जडली होती. तरी रामप्रसाद म्हणाला, "पन्नास जणांचं न्या, ताई. ते पैसे आले की पुढचं बघू."

तिनं तागे रिक्षात घातले. पूर्वी तिच्याकडे शिवणाऱ्या आणि आता शेतात निंदायला जाणाऱ्या गोजरबाईला तिनं पुन्हा मशीनवर बसवलं, असं त्याच्या कानावर आलं. बरं वाटलं, आणि धास्तीही वाटली. महिनाभर त्याला अन्न गोड लागलं नाही.

तिसाव्या दिवशी सत्यशीला आली. रिकाम्या हातानं.

"कारखान्यानं बिल पुढच्या आठवड्यावर ढकललंय. पैसे न्हाईत, शेठजी."

"मंग उन्हाचं कशाला आलात? फोन केला असता."

"फोनवर न्हाई म्हणणं सोपं असतं. तुम्ही वाट बघून राह्यले असाल, म्हणून आले."

रामप्रसादनं पंखा तिच्याकडे वळवला, चहा सांगितला. चहा आल्यावर म्हणाला, "कामगार खुश आहेत का?"

"मापं घेताना हसून राह्यले होते. एक जण म्हणला, बाई, कंबर जरा ढिली ठेवा, आता पोटभर जेवणार आहे." बोलता बोलता तिनं पदरानं डोळे टिपले.

"उरलेल्या शंभरांचं कापड घेऊन जा."

"आधीचे पैसे दिले न्हाईत अजून!"

"मला बराबर माहीत आहे."

दुकानात तेवढं कापड नव्हतं. तिच्यासमोरच त्यानं इचलकरंजीला फोन लावला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तीस दिवसांच्या बोलीवर उधार माल मागितला. पलीकडच्या व्यापाऱ्यानं रक्कम दोनदा विचारून घेतली. मग म्हणाला, "तुम्ही मागताय तर पाठवतो."

कारखान्याचे पैसे आठ दिवसांनी आले, तिनं पहिल्या कापडाचे पैसे चुकते केले. दिवाळीच्या आधी सत्यशीलाला आणखी तीन मशिनी घ्यायच्या होत्या. बँकेनं जामीन मागितला. रामप्रसाद दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर गेला, रांगेत उभा राहिला आणि सही करून आला.

"आता जामीनही राहू लागलात?" घरी त्याच्या बायकोनं, वंदनानं विचारलं. "सही करताना हात न्हाई थरथरला?"

"न्हाई," तो म्हणाला आणि हात धुऊन जेवायला बसला. त्या दिवशी त्यानं एक भाकरी जास्त मागून घेतली.