मागे घेतलेलं विधेयक

अँब्रोज हार्बॉटल केल्डब्रिजचा खासदार झाला तो सफेद्याच्या, म्हणजे शिशापासून पांढरा रंग बनवण्याच्या, कारखान्यातल्या बायकांच्या जिवावर. त्यांना स्वतःला मत नव्हतं, पण नवऱ्यांच्या, भावांच्या मागे लागून त्यांनी त्याला निवडून आणलं. शिशाच्या भुकटीने त्यांचे हात लुळे पडत, मुलं पोटातच मरत. "कायदा करून हे थांबवीन," असा शब्द त्याने भर चौकात दिला होता.

कायद्यासाठी माहिती जमवली ती मात्र त्याच्या धाकट्या बहिणीने, डॉर्कसने. घरोघर हिंडून तिने त्रेसष्ट बायकांच्या जबान्या लिहून घेतल्या. तीन वर्षं विधेयक लांबत राहिलं. चौथ्या वर्षी संसदेत त्याच्या दुसऱ्या वाचनाची तारीख लागली आणि त्याच आठवड्यात अँब्रोजने ते मागे घेतलं. डॉर्कसला कळलं ते न्याहारीच्या वेळी, वर्तमानपत्रातून.

"हे खरं आहे?"

"बस आधी. चहा निवतोय."

"मी काय विचारतेय, अँब्रोज?"

तो अंडं सोलत राहिला. "पक्षाच्या प्रतोदांनी बोलावलं होतं. विधेयक सोडलं तर व्यापार खात्याचं मंत्रिपद देतायत. आत राहूनच काही करता येतं गं."

"चार वर्षं आतच आहेस की! हॅना प्रॉक्टरची बोटं वळेनात, तिने जबानीवर सहीऐवजी अंगठा टेकवला. तिला काय सांगू? माझ्या भावाला खुर्ची मिळाली म्हणून?"

"तुला राजकारण कळत नाही."

"आज कळलं!"

त्या काळी मंत्रिपद घेतल्यावर मतदारांचा पुन्हा कौल मागावा लागे. नगरभवनात सभा भरली. अँब्रोज बोलायला उठला, तोच डॉर्कस व्यासपीठावर चढली आणि जबान्यांचे कागद उघडून एकेक बाईचं नाव मोठ्याने वाचू लागली.

"बाईसाहेब, खाली उतरा," अध्यक्ष हळूच म्हणाले, "हे शोभत नाही."

"मंत्र्यांना शोभतं ते मला कशाला शोभेल?"

एकोणिसाव्या नावाला अध्यक्षांनी बँडवाल्यांना खूण केली. कर्ण्यांच्या गोंगाटात तिचा आवाज बुडाला. तेव्हा वरच्या सज्जातल्या बायका उठल्या आणि उरलेली नावं ओरडून सांगू लागल्या. आपली, बहिणींची, मेलेल्या आयांची. अँब्रोजने मान वर केली नाही.

तरी तो निवडून आला. डॉर्कसने त्याच दिवशी घर सोडलं आणि कारखान्यामागच्या गल्लीत खोली घेतली.

कायदा झाला तो अकरा वर्षांनी, दुसऱ्याच कुणाच्या हातून. तोवर हॅना गेली होती. वर्तमानपत्राने लिहिलं, 'सर अँब्रोज यांनी पाया घातला.' डॉर्कस तडक संपादकाच्या कचेरीत गेली.

"छापा," ती म्हणाली, "तो पाया त्यांनीच उखडला होता. खाली माझं नाव घाला. हार्बॉटल आडनावासकट."

संपादकाने ते छापलं नाही.