वजाबाकीत उरलेला नायट्रोजन

टप्प. सिंकमधल्या पालथ्या पातेल्यावर नळाचा थेंब पडला आणि माझ्या मांडीवर झोपलेल्या बिट्टीनं डोळे न उघडताच भुवया आवळल्या. मी श्वास रोखला. आमचं स्वयंपाकघर एवढंसं, की खुर्चीतूनच हात लांब केला की सिंक लागतं. दुसरा थेंब पडायच्या आत पातेल्यावर फडकं टाकलं. भुवया सैल झाल्या. शनिवारी पाळणाघर बंद, तिचे बाबा दौऱ्यावर, आणि तिचं नाक वाहतंय. अशा दुपारी तिची झोप हेच माझं ऑफिस.

टेबलावर आकडे पसरले होते. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राच्या प्रयोगशाळेत मी काम करते. शहराच्या मोऱ्यांतून जे वाहून येतं, ते आमच्या मोठ्या टाकीतले जंतू खातात आणि पाणी पुढे नदीला जातं. त्या पाण्यात नायट्रोजन मर्यादेबाहेर गेला, की नदीत शेवाळ वाढतं आणि केबिनमध्ये साहेबांचा रक्तदाब. गेले काही आठवडे दोन्ही वाढत होतं. सोमवारी तपासणीचा नमुना जायचा होता. तो नापास झाला तर टाकी ठेकेदाराच्या माणसांकडे, आणि मामा गोदामात, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं.

मामा म्हणजे टाकीचे ऑपरेटर. सख्खा मामा कुणाचाच नाही, पण सगळ्या केंद्राचे मामा. टाकीवरचा फेस बघून ते सांगतात, आज तिची तब्येत कशी आहे. निवृत्तीला थोडंच राहिलंय, आणि गोदामात बसून नटबोल्ट मोजण्यापेक्षा मला टाकीतच ढकला, असं ते हसत हसत म्हणायचे. हसणं तेवढं खोटं असायचं.

घोडं कुठे पेंड खातंय ते कळत नव्हतं. बाहेर जाणाऱ्या पाण्यात अमोनिया नाही, नायट्रेट नावापुरतं. तरी एकूण नायट्रोजनमधून हे सगळं वजा केलं की काहीतरी उरायचंच. सेंद्रिय नायट्रोजन, पाण्यात असा विरघळलेला की गाळणीतूनही निघून जातो. त्याला थेट मोजायची सोय आमच्याकडे नाही. बाकी सगळ्यांचं सगळं वजा करून जे मागे राहतं, ते त्याचं. संध्याकाळी माझ्या वाट्याला माझं जे राहतं, तसंच.

साहेबांचं म्हणणं, मामा टाकीत हवा कमी सोडतात, म्हणून जंतू नीट खात नाहीत. मला ते चोर सोडून संन्याशाला फाशी वाटायचं. म्हणून मी प्रयोगशाळेत दोन बरण्या मांडल्या होत्या. दोन्हींत मामांच्या टाकीतलाच गाळ, म्हणजे जंतूंचा तो तपकिरी लगदा. दोन्हींना तेच सांडपाणी, तेवढीच हवा. फरक एकच: एकीतला गाळ तसाच राहू द्यायचा, दुसरीतला रोज थोडा काढून टाकायचा. बिट्टीच्या तापात माझी रजा झाली, तेव्हा हे सगळं मामांनीच सांभाळलं होतं.

आजचे आकडे प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं फोनवर पाठवले होते. मी वजाबाकी केली, परत केली, आणि मग थोडा वेळ बिट्टीच्या केसांत नाक खुपसून बसले. गाळ काढलेल्या बरणीत तो नायट्रोजन बराच कमी होता. तसाच ठेवलेल्या बरणीत टाकीइतकाच. म्हणजे तो बाहेरून येतच नव्हता. आपलेच दात, आपलेच ओठ.

झोपलेल्या लेकीला खांद्यावर टाकून मी केंद्रावर गेले. फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं.

मामा टाकीच्या कठड्याशी काचेचं नळकांडं घेऊन उभे होते. गाळ खाली बसताना बघायची त्यांची वेळ. जाड, दाट, तळाला नीट बसणारा गाळ. तो दाखवताना त्यांचा चेहरा लेक पहिली आल्यासारखा व्हायचा. बिट्टी जागी झाली, तिला त्यांनी आपली खुर्ची दिली आणि बुडबुड्यांकडे बघायला सांगितलं. मला म्हणाले, आजारी पोराला घेऊन आलीस, म्हणजे बातमी चांगली नाही.

मी सांगितलं. ते गाळ काढायचा व्हॉल्व्ह फार कमी उघडतात, हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा कधीतरी कारखान्याच्या विषारी पाण्यानं त्यांची सगळी टाकी मेली होती, आणि ती परत उभी करताना त्यांच्या नाकी नऊ आले होते. तेव्हापासून हातचा गाळ टाकवत नाही. पण खाणारी तोंडं वाढली, अन्न तेवढंच. उपाशी जंतू मरतात, फुटतात, पाण्यात विरघळतात, आणि त्यातला काही भाग मागे राहिलेल्यांनाही पचत नाही. तोच आमच्या वजाबाकीत उरत होता.

मामांनी नळकांडं उजेडाला धरलं. मग म्हणाले, "म्हणजे त्या बरण्यांना मीच रोज पाणी घालत होतो, माझ्याच विरुद्ध साक्ष द्यायला."

"मला तरी कुठे माहीत होतं, मामा."

"नाही गं. तुला कशाला बोलू." त्यांनी नळकांडं खाली ठेवलं. "आज उघडला तर सोमवारपर्यंत उतरेल?"

हाच प्रश्न यायला नको होता. टाकी म्हणजे बरणी नव्हे. गाळ थोडा थोडाच काढायचा, नाहीतर उरलेली टाकीही कोसळते. पाण्यात फरक दिसायला आठवडे जाणार. खोटं बोलायला जीभ वळवळली, पण या माणसानं मला पहिल्या दिवशी नमुना कसा धरायचा ते शिकवलं होतं.

"सोमवारी नाही उतरणार. साहेबांना मी सगळं दाखवते, थांबायला सांगते. पण ते थांबतील असं वाटत नाही."

"आणि नाही उघडला?"

"तर कधीच नाही उतरणार."

त्यांनी मान हलवली. टाकीला वळसा घालून पलीकडे गेले, दोन्ही हातांनी चाक धरलं. ते घट्ट बसलं होतं. मी मदतीला गेले तर कोपरानं बाजूला केलं. चाक करकरलं आणि नळातून त्यांचा तो दाट तपकिरी गाळ धबधब पडायला लागला. ते तिथेच उभे राहिले. किती वेळ चालू ठेवायचं ते त्यांनी मला विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी सांगितलं, आणि हेही म्हटलं की हे रोज करावं लागेल, सोमवारनंतरही, टाकीवर कुणीही असलं तरी.

"मग पाटीवर लिहून ठेवतो," मामा म्हणाले. "नवीन पोरांना कळायला हवं."

खडू आणायला ते आत गेले. बिट्टी खुर्चीवरून उतरून माझ्यापाशी आली आणि माझ्याच ओढणीला तिनं नाक पुसलं. आजोबा काय करतायत, तिनं विचारलं. पाणी स्वच्छ करतायत, मी म्हटलं. झालं का? नाही, अजून पुष्कळ दिवस लागतील. तोवर आजोबा इथेच असणार का? मी म्हटलं, बहुतेक नाही, दुसरे काका येतील.

तिनं वाहत्या गाळाकडे बघितलं, मग आत पाटीपाशी वाकलेल्या मामांकडे.

"मग पाणी स्वच्छ झालं, की ते कुणी केलं म्हणायचं?"