बिनतारखेचा कायदा

विरोधात एकही हात वर झाला नाही, तेव्हाच खरं तर धाकटीला शंका यायला हवी होती. पण पहिल्या यशाच्या भरात कुणाला कसलं भान! एकोणतीस वर्षांची पोर, निवडून येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. सभागृहात वयानं सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. तिचं विधेयक तरी केवढं? कामाची पाळी चालू असताना कारखान्याच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचं नाही, लावलं तर तुरुंग. बस्स.

बाक सगळ्यांत आधी वाजवला तो शर्टवाल्यानं. हा तिच्याच पक्षाचा आमदार. शर्ट शिवायचे तीन कारखाने, आणि बायका कापड पळवतात म्हणून तिन्हींना बाहेरून कुलूप. त्यातल्याच एकात धाकटीची ताई अकरा वर्षं कॉलर शिवत होती. दोन वर्षांपूर्वी तिथं इस्त्रीच्या खोलीत ठिणगी पडली. आत चाळीस बायका दार बडवत होत्या आणि मुकादम किल्ली खिशात घालून चहाला गेला होता. ठिणगी ओल्या पोत्यावर पडली म्हणून निभावलं. त्या दुपारीच धाकटीनं निवडणूक लढवायचं ठरवलं. आणि आज तोच शर्टवाला हसत हसत बाक वाजवत होता. आता बोला!

बाहेर तर अभिनंदनाला ऊत आला होता. एरवी तिला बघून तोंड फिरवणारेही हात मिळवून गेले. हसला नाही तो फक्त विधेयकांचं दप्तर सांभाळणारा म्हातारा कारकून.

"मॅडम, शेवटचं कलम वाचलंत ना?"

"सरकार ठरवील त्या तारखेपासून कायदा लागू होईल, तेच ना? काका म्हणाले, नेहमीचंच असतं, घालून टाक."

"नेहमीचंच आहे." त्यानं चष्मा पुसला. "माझ्या कपाटात असे सतरा पडलेत."

"सतरा काय?"

"कायदे. मंजूर झालेले. तारखेची वाट बघतायत. पहिला आला तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. आता मुलगी कॉलेजात आहे."

धाकटी तडक काकांच्या खोलीत गेली. काका म्हणजे पक्षाचे कर्तेधर्ते. तिला तिकीट दिलं ते त्यांनीच. शेजारी शर्टवाला संत्रं सोलत बसला होता.

"काका, तारीख कधी?"

"येईल गं. ये, बैस. पोरी, नाव काढलंस हो!" काकांचा आवाज लोण्यासारखा मऊ. "ती आमच्या नदीकाठच्या जमिनीची चौकशी मागितलीयस ना तू? ती जरा मागे घे. मग बघू. सरकार काय, आपलंच आहे."

"आणि नाही घेतली तर?"

"तर काय? कायदा तुझाच आहे. कोण काढून घेतंय?"

शर्टवाल्यानं संत्र्याच्या दोन फोडी तिच्यापुढे धरल्या. तिनं त्या घेतल्या. का घेतल्या, हे तिचं तिलाही कळलं नाही.

जिन्यात फोन वाजला. ताई होती. जेवणाच्या सुट्टीत तेवढा फोन हातात मिळायचा. आवाजात आनंद नुसता मावत नव्हता.

"रेडिओवर ऐकलं गं! एकमतानं! इथं सगळ्या नाचतायत. आणि ऐक, त्या शाळेतल्या शिवणाच्या नोकरीला मी नाही म्हणून कळवून टाकलं."

"ताई! का?"

"अगं, घाबरून पळायचं होतं म्हणून जाणार होते. आता दारच उघडं राहणार, मग अकरा वर्षांची जागा कशाला सोडू? घंटा झाली, ठेवते हं."

"ताई, थांब, ऐक आधी..."

फोन कधीच बंद झाला होता. त्या नोकरीसाठी ताईनं वर्षभर उंबरे झिजवले होते. धाकटीनं गाडी काढली. निदान शाळेला आत्ताच्या आत्ता परत फोन करायला सांगावं, पाया पडावं हवं तर. रस्ताभर तिला एकच भीती होती, आपण पोचायच्या आत काही होऊ नये.

काही झालं नव्हतं. मशिनं घरघरत होती, दाराला कुलूप होतं. मुकादम स्टुलावरून अदबीनं उठला.

"या मॅडम! अभिनंदन!"

"दार उघडा."

"उघडतो की. साहेबांचा आत्ताच फोन येऊन गेला. म्हणाले, मॅडम आल्या तर खुर्ची द्या आणि तारखेचा कागद तेवढा बघा." तो खरोखरच हात पुढे करून उभा राहिला.

"आत माझी बहीण आहे!" धाकटी ओरडली.

तो आवाज आत गेला. मशिनं एकेक करून थांबली. मग ताईचा खणखणीत आवाज आला, "उठा गं, चपला घाला! माझी बहीण दार उघडायला आलीय!"

चाळीसजणी हसत, एकमेकींना ढकलत दाराशी येऊन उभ्या राहिल्या, आणि बाहेर मुकादम अजून तारखेच्या कागदासाठी हात पुढे करून उभा होता.