वाटणीतला पाळणा

वाटणीत भिकुबाईच्या पदरात जे पडलं, त्याला सामान म्हणायला जीभ रेटत नाही. तळ गेलेली एक घागर, वाळवीनं अर्धी खाल्लेली दाराची एक फळी, जेठाणीच्या विटक्या लुगड्यांचं गाठोडं आणि दोन पाय नसलेला, गज निखळलेला एक पाळणा. तांब्यापितळेची भांडी, शिसवी कपाट, बैलजोडी, जुन्या धुळ्यातलं राहतं घर, सगळं बठ्ठं थोरल्याकडे राहिलं. थोरला भाईदास कर्ता माणूस, दहा जणांत बोलणारा. आणि धाकटा सुपडू, म्हणजे भिकुबाईचा नवरा? तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. आबा, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतील ते खरं! वाटणीच्या वेळी बायको कोपरानं ढोसत होती, तरी हा बाबा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता.

पाळण्याची तर कथाच वेगळी. तो वाटणीत यायचाच नव्हता. गोठ्याच्या कोपऱ्यात कोंबड्या त्यावर बसत. सामान गाडीत भरून झालं, तेव्हा जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ मंजुळाबाई, दारात उभी राहून म्हणाली, "पाळना बी लई जाय वं भिकू. तुना घर त्यामा कोन निजनार शे? पन सरपन तरी व्हई."

चार आयाबाया उभ्या होत्या, त्यांतल्या दोघी फिदीफिदी हसल्या. भिकुबाईच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती तडक गोठ्यात गेली, कोंबड्या हाकलल्या, पाळणा उचलला आणि गाडीत टाकला. सरपण म्हणून? मुडदा बशिवला त्या सरपणाचा!

ही गोष्ट सन छत्तीसची. नदीपलीकडे देवपुरात नवराबायकोनं एक खोली घेतली. पुढे हातभर ओटा, मागे मोरी, बस्स. सुपडू सरकी काढायच्या जिनात हमालीला लागला. पहिले चार दिवस भिकुबाई त्या उघड्यानागड्या भिंतींकडे बघून नुसती धुमसत राहिली. पाचव्या दिवशी उठली, कासोटा खोचला आणि नदीकाठची पांढरी माती आणून भिंती सारवायला घेतल्या. राग आला की काही बायका भांडी आपटतात. भिकुबाईचा राग हाताला लागायचा.

जिनात कापसाच्या गाठी बांधताना फाटलेलं बारदान टाकून देत. ते सुपडूकडून मागवलं, गेरूनं त्यावर मोर काढले आणि मोरीच्या दाराला पडदा केला. कापडाच्या दुकानात ताग्यावर चिकटवलेली रंगीत चित्रं असतात, लक्ष्मीची, हत्तीची, पोपटाची. गिऱ्हाईक कापड घेऊन जातं आणि चित्र फाटून पायाखाली येतं. ती भिकुबाईनं महिनाभर गोळा केली आणि खळीनं भिंतीवर ओळीत लावली. वाळवीची फळी तासून तिचं भिंतीतल्या देवळीला दार केलं. बाजारात नासीर पत्रेवाला बसे, घासलेटच्या डब्यांचे कंदील नि चाळण्या करणारा. त्याच्याकडचे पत्र्याचे उरलेले तुकडे ती मागायला गेली, तेव्हा तो म्हणाला, "बहेन, हे तर फेकायचं आहे."

"तेच पाहिजे भाऊ. आम्हाला फेकलेलंच सोसतं."

नासीरनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि कात्री उचलून त्या तुकड्यांची फुलं कापून दिली. त्याच्या बायकोनं, हमीदानं, आणखी एक विद्या शिकवली. वाढलेल्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे दिव्याच्या ज्योतीवर धरायचे, काच मऊ झाली की वाकवून एकमेकांत अडकवायचे. भिकुबाईची बोटं पोळली, फोड आले. पण दाराला हिरव्यालाल काचेच्या साखळ्यांचं तोरण लागलं, आणि सकाळच्या उन्हात सारवलेल्या जमिनीवर रंग सांडू लागले. सुपडू कामावरून आला की ओट्यावर बसून त्या तोरणाकडे बघत राही. बोलत नसे. त्याला बोलायला काय पैसे पडत होते देव जाणे.

पाळण्याला मात्र तिनं हात लावला नव्हता. तो कोपऱ्यात तोंड फिरवून उभा होता.

श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर नारळाच्या रूपात कानबाई देवी बसते, आणि तिच्या नैवेद्याचे जाडजूड गव्हाचे रोट भाऊबंदांनी एकत्र खायचे असतात. चूल वेगळी झाली तरी रोट वेगळे होत नाहीत. भाऊकीतले सगळ्यांत वडील जीवराम नाना. ते म्हणाले, "थोरल्याकडे कैक वर्षं बसली. औंदा कानबाई सुपडूकडे बसवा."

मंजुळाबाईनं पदर तोंडाला लावला. "बठाडा, बठाडा! पन तिना घरमा देवीले बसाले पाट तरी शे का?"

हे शब्द भिकुबाईपर्यंत पोचायला घटकाही लागली नाही. असले शब्द कुणी ना कुणी पोचवतंच. त्या दुपारी तिनं पाळणा भिंतीपासून ओढला, उन्हात आणला आणि राखेनं खसाखसा घासला. कोंबड्यांची घाण गेली, आणि खाली कातीव कामाचं तांबूस लाकूड निघालं. सुताराच्या दारात बैलगाडीच्या मोडक्या चाकाचे आरे पडलेले असत. सुपडूनं दोन आरे मागून आणले, छिलून पाय केले. तळाला चहाच्या खोक्याच्या फळ्या ठोकल्या. निखळलेल्या गजांच्या जागी गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्या वाकवून बसवल्या, त्यांवर नासीरची पत्र्याची फुलं. जेठाणीच्या विटक्या लुगड्यांचे काठ तेवढे शाबूत होते. ते उसवून, जोडून वर छत शिवलं.

सगळं झाल्यावर भिकुबाईनं पाळण्याच्या कडेवर दोन्ही हात टेकून सगळं अंग रेललं. पाळणा हलला नाही, करकरला नाही. देवीच्या नारळाचं ओझं ते किती! एवढी मजबुती कशासाठी केली, हे सुपडूनं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं.

रविवारी भाऊकी जमली. दारात पाऊल टाकलं की बाई थबके. "व माय! हाई घर शे का देऊळ?" पाळण्यावर पाट मांडून कानबाई बसली होती, नारळाला डोळे, नाकात नथ, अंगावर हिरवी खणाची चोळी. काचेच्या तोरणाचे रंग तिच्या तोंडावर हलत होते. बायका पाळण्याला हात लावून बघत. कुणी म्हणे फुलं कुठून आणली, कुणी म्हणे मोर कुणी काढले. भिकुबाईला सहा वर्षांत पहिल्यांदा माणसांत मान वर करून उभं राहावंसं वाटलं.

तेवढ्यात एक म्हातारी बोलून गेली, "ज्या पाळनामा कानबाई बठनी, त्यामा निजेल पोरनं भाग्य उजळस!"

मंजुळाबाईची सून तेव्हा सात महिन्यांची पोटुशी होती. म्हातारीचं बोलणं ऐकलं आणि मंजुळाबाईची नजर बदलली. ती उठली, पाळण्याभोवती एक फेरी मारली, गजावरून हात फिरवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाऊ पाळना आमना शे. आमना घरना बठ्ठा पोरे यामाच निजनात. हाऊ लुगडाना काठ बी मना, आन ती फळी बी मनी. उद्या गाडी धाडसु."

भिकुबाईला वाटलं आपण काही भलतंच ऐकलं.

"अक्का," ती म्हणाली, "तुम्हीच दिला ना?"

"मोडेल व्हता, म्हनीसन ठेवाले दिधा. बक्षीस नही दिधा."

भाईदासनं घसा साफ केला. "वाटणीच्या कागदात पाळणा नाही. घरचा वंशाचा जिन्नस आहे, तो थोरल्या घरी राहतो. सुपडू, तुला काही म्हणायचंय?"

सुपडूनं मान खाली घातली. "जाऊ दे वं," तो बायकोला पुटपुटला. "देऊन टाकू. सणाच्या दिवशी कशाला?"

भिकुबाईनं नवऱ्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला. देऊन टाकू! कोंबड्यांच्या घाणीत लोळत होता तेव्हा वंशाचा नव्हता काय? सरपण म्हणून फेकला तेव्हा वंश कुठे शेण खायला गेला होता? तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं सगळं. पण समोर देवी बसली होती, समई तेवत होती. तिनं दात आवळले आणि जीवराम नानांकडे वळली.

"नाना, तुम्ही न्याय करा. त्यास्नं काय आन मनं काय?"

नानांनी पाळणा वरपासून खालपर्यंत न्याहाळला. "देवी उठू दे," ते म्हणाले. "उद्या विसर्जन झालं की थोरल्याचं थोरल्याला, धाकट्याचं धाकट्याला. काडी इकडची तिकडे व्हायची नाही. आता रोट वाढा."

रोट वाढले, पुरणाच्या पोळ्या वाढल्या, गंगाफळाची भाजी वाढली. भिकुबाईनं मंजुळाबाईच्या ताटात तूप स्वतःच्या हातानं वाढलं. थेंबभरही सांडलं नाही.

सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाई पांझरेवर गेली. भिकुबाईच्या डोक्यावर देवी, पुढे बायकांच्या फुगड्या. नदीत बुडवून नारळ परत आणला, देवळीत ठेवला, हात जोडले. मागोमाग सगळी भाऊकी आलीच. मंजुळाबाईनं रिकामी गाडी दारात उभी केली होती, गाडीवान बिडी फुंकत बसलेला.

भिकुबाईनं पदर खोचला, कोपऱ्यातली पकड घेतली आणि पाळण्यासमोर मांडी घातली. पहिला खिळा निघाला. दुसरा निघाला. पत्र्याचं फूल जमिनीवर खणकन पडलं.

"अवं अवं! काय करस?" मंजुळाबाई धावली.

"मनं ते काढी लेस."

"मोडशी ना तू त्याले!"

तेव्हा मात्र भिकुबाईचा बांध फुटला. "मी मोडतेय? तुम्ही मोडका दिला होता, अक्का! सगळ्यांच्या देखत दिला होता. माझ्या घरी कोण निजणार म्हणालात ना? माझ्या कुशीवरून बोललात तुम्ही, आणि या बाया हसल्या. बघा, आज एकीच्या तोंडात दात दिसत नाहीत! तुमचं लाकूड तुम्हाला लखलाभ. पण हे पाय माझे, हे खोकं माझं, ही फुलं माझी. बोटं भाजून घेतलीत मी या घरासाठी. ती तुम्हाला फुकट देऊ? का म्हणून?"

"नाना!" भाईदास गरजला. "सांगा तिला!"

नाना ओट्यावर काठी टेकून बसले होते. "काय सांगू? बरोबर करते ती. काडी इकडची तिकडे नाही, असं मीच बोललो."

लोखंडी पट्टी घट्ट बसली होती. भिकुबाईनं पकड लावून जोर केला, हात घसरला, पंज्याला रक्त आलं. ती तशीच पुन्हा झटू लागली. एवढ्यात तिच्या हातातून कुणीतरी पकड काढून घेतली. सुपडू होता.

"सरक," तो म्हणाला. "मी ठोकलंय, मला माहीत आहे कुठे काय आहे."

त्यानं पट्ट्या काढल्या. तळाच्या फळ्या काढल्या. शेवटी दोन्ही आरे उपसले, आणि पाळणा गोठ्यात पडायचा तसाच एका अंगावर कलंडला. छताचे टाके भिकुबाईनं दातानं तोडले आणि लुगड्यांचे काठ घडी करून जेठाणीच्या पुढ्यात ठेवले. देवळीची फळीसुद्धा काढली. मग सुपडू उठला, भावासमोर उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघून बोलला.

"आबा, मोळी बांधाले दोर देऊ का?"

कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळेच हसले. मंजुळाबाईचं तोंड तांबडंलाल झालं. टाकून जावं तर भर भाऊकीत मागितलेलं, आणि न्यावं तर हे असं! गाडीवानानं लाकडं गाडीत फेकली. पूल ओलांडून बाजारातून गाडी गेली तेव्हा काय झालं, ते नासीरनं दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं. एवढ्या मोठ्या गाडीत चार लाकडं बघून त्यानं भाबडेपणानं विचारलं होतं, "काय भाभी, सरपण महागलं का?" आणि मंजुळाबाईनं गाडीवानाच्या पाठीत गुद्दा घातला होता.

नासीर हसत होता. भिकुबाई हसली नाही. आदल्या दिवशी सगळे पांगल्यावर त्या मोकळ्या कोपऱ्यात बसून ती हमसाहमशी रडली होती. जिंकली म्हणे! स्वतःच्या हातानं पाळणा मोडणाऱ्या बाईला जिंकली कोण म्हणेल? राग अजून छातीत तसाच होता, निखाऱ्यासारखा, आणि तो विझावा असं तिला वाटतही नव्हतं.

नासीर गेल्यावर तिनं चहाच्या खोक्याच्या फळ्या पुसल्या, पत्र्याची फुलं मोजून डब्यात ठेवली आणि दोन्ही आरे भिंतीला टेकवून उभे केले. सुपडू कामावर निघाला होता. तिनं त्याला दारातच अडवलं.

"येताना सुताराकडून आणखी दोन आरे आणा," ती म्हणाली. "या खेपेला वाटणीचं एक लाकूड लागू देणार नाही मी."