पुळणीवरची बर्फगाडी

खडी फोडण्याच्या यंत्राचा जुना रबरी पट्टा.

सुकत घातलेल्या बांगड्यांवर एक कावळा.

रिक्षाच्या दोन स्प्रिंगा.

धोंडूबाईची टोपली, उपडी.

मुंबईला दारूखान्याच्या गोदीत मोडीत निघालेलं परदेशी जहाज, आणि त्याच्या पोटात सापडलेली बर्फावरून धावणारी गाडी.

यातलं शेवटचं पूर्णगडला पोचलं १९८६च्या दिवाळीनंतर, ट्रकमधून, ताडपत्रीखाली. आणलं बाबल्याने. मुंबईतलं गॅरेज सोडून तो गावी आला होता. गाडीला पुढे होडीच्या नाळीसारख्या वर वळलेल्या दोन फळ्या, मागे रबरी पट्टा, वर इंजिन. बर्फात रुतत नाही ती वाळूत कशाला रुतेल? होड्या हीच वर ओढील, गावभर माणसं हाकारायला नकोत, असं त्याचं म्हणणं.

हाकारल्यावर येणाऱ्यांत धोंडूबाई असायची. नवरा गेल्यापासून तिचं पोट दोरीवर होतं. होडी किनाऱ्याला लागली की ती वर ओढायच्या दोरीला हात लावील त्याला मासळीचा वाटा, असा रिवाज. मग तो हात म्हातारीचा का असेना.

पहिल्या दिवशी गाडीने जागच्या जागी खड्डा खणला आणि त्यात बसली.

"माड लावतोस काय रे बाबल्या?" होडीचा म्होरक्या, महिपत तांडेल, याने विचारलं.

सगळ्यांत मोठ्याने धोंडूबाई हसली. त्या दिवशी तिला वाटा मिळाला.

"पट्टा आखूड आहे. भार सगळा एका जागी पडतो," बाबल्या म्हणाला. त्याने पट्टा कापला, मधे खडीयंत्राच्या पट्ट्याचा तुकडा रिबिटांनी जोडला. आतला सांगाडा लोखंडी पट्ट्या मारून लांबवला, पट्टा ज्यावर फिरतो तो मागचा दांडा आणखी मागे नेला, मऊ स्प्रिंगा काढून रिक्षाच्या बसवल्या.

आता गाडी रुतली नाही. होडी हलली. धोंडूबाईने टोपली उपडी घातली आणि तिच्यावर बसून राहिली.

पण दोरीचा ताण मागे, भार मागे. पुढच्या फळ्या हवेत. फळ्या टेकल्या नाहीत तर गाडी वळणार कशी? ती सरळ गुणवंतीने सुकत घातलेल्या बांगड्यांत घुसली. कावळा उडाला. गुणवंतीने बाबल्याच्या सात पिढ्या काढल्या.

पुढे वाळूची पोती ठेवली, तर गाडी पुन्हा रिकामी पाण्याकडे उतरताना नाक वाळूत. दर खेपेला पोती चढवा, उतरवा. बाबल्याची कंबर धरली.

"चढताना वजन हवं, उतरताना नको," तो कण्हत म्हणाला आणि त्याची नजर टोपलीवर गेली. "काकी, पुढे बसतेस?"

"वाटा?"

"वाटा ओढणाऱ्याला," महिपत म्हणाला. "बसणारीला कसला गो?"

धोंडूबाई उठली. लुगडं खोचून गाडीच्या नाकावर चढली.

"दोरीचं शेपूट दे इकडं."

बाबल्याने मोकळं टोक दिलं. तिने ते तळहाताला गुंडाळून हात वर केला.

"लावलाय का नाय हात? बघ तांडेला."

महिपतने दोरी पाहिली, हात पाहिला. रिवाज त्याच्या आज्याचा.

"चालव रे मेल्या," तो बाबल्यावर खेकसला.

फळ्या खाली राहिल्या. होडी वर आली. टोपलीत बांगडे पडले.

दुसऱ्या दिवशी दोरीची सगळी माणसं टोपल्या घेऊन हजर. गाडी ओढत होती, नाकावर धोंडूबाई होती, आणि बाकीचे दोरीला नुसता हात लावून गप्पा मारत चालले होते. वाटे पूर्वीइतकेच पडले.

दारूखान्यात गाडी पसंत केली त्या दिवसापर्यंत बाबल्याने बर्फ पाहिला होता तो फक्त मासळीच्या पेटीतला.