लांबी खालून

मास्तर आणि त्यांचे दादा, दोघे सख्खे भाऊ, एकाच शहराच्या दोन टोकांना राहत आणि एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत. वडिलांचं शिलाईचं दुकान कोणी चालवायचं, यावरून एकदा जे बिनसलं ते बिनसलंच. पण एकमेकांची खबर ठेवा, असं आईने जाताना दोघांना बजावलं होतं, म्हणून रोज सकाळी दुकान उघडलं की मास्तर दादांना एक रिंग द्यायचे आणि ठेवून द्यायचे. थोड्या वेळाने तिकडून एक रिंग यायची. म्हणजे दोघेही धडधाकट. उचलायचा मात्र कोणी नाही, कारण उचलला की बोलणं आलं.

मग टेलिफोनवाल्यांच्या डोक्यात काय आलं देव जाणे, शहरातले सगळे नंबर एका आकड्याने लांब झाले.

"आता प्रत्येक नंबराला दोन लावायचा म्हणे," बायको म्हणाली.

कुठे लावायचा, पुढे की मागे, ते मास्तरांनी विचारलं नाही. माणसाचा जन्म पॅन्ट शिवण्यात गेलेला. लांबी वाढवायची ती खालून, यात विचारायचं काय? त्यांनी दादांचा नंबर फिरवला, शेवटी दोन लावला. रिंग गेली, तसा फोन ठेवला.

उलट रिंग आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मास्तरांचं निम्मं लक्ष फोनकडेच. त्या गोंधळात एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या, आणि वर त्यालाच म्हणाले, "घालून तर बघा."

पुढच्या सकाळी त्यांनी फोन वाजू दिला. एका बाईने उचलला. आवाज रडवेला, मागे माणसांची गडबड.

"रोज वाजवता आणि ठेवता, लाज नाही वाटत? इथे आमच्या घरात काय प्रसंग आहे..."

मास्तरांच्या हातून रिसीव्हर निसटला. दादा एकटा राहणारा माणूस. त्याच्या घरात बाई कुठली, आणि माणसं कशाला जमलीत? गळ्यातल्या टेपसकट ते मिळेल त्या बसमध्ये चढले. एकदा उचलला असता तर माझं काय बिघडलं असतं, एवढंच वाटभर डोक्यात.

दादांच्या दाराबाहेर चिटपाखरू नव्हतं. मास्तर आणखीच चक्रावले. तेवढ्यात दार उघडलं आणि दादाच बाहेर आले. चेहरा पांढराफटक, एक बूट पायात, दुसरा हातात.

"कुठे निघालास?" मास्तरांनी कसंबसं विचारलं.

"तुझ्याकडे. तुझा फोन लागत नाही. कोणी बाई सारखी म्हणते, नंबर तपासून पाहा. मला वाटलं, तू..."

"मग ती रडणारी बाई कोण?"

"रडणारी? माझी तर अगदी शांतपणे बोलते."

दोघे एकमेकांकडे खुळ्यासारखे बघत राहिले. मग मास्तर पायरीवर मटकन बसले आणि हमसून हमसून रडू लागले. दादा शेजारी टेकले. त्यांनी रुमालासाठी खिसे चाचपले, तो काही सापडला नाही. शेवटी घसा खाकरून, थोरल्या भावाच्या जुन्या जरबेने ते म्हणाले, "येण्याआधी एक फोन तरी करायचास."