विंगेतला आवाज

माझा स्वभाव संशयी आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी नाक मुरडायला नको. भाजीवाल्याचा काटा, गॅस सिलिंडरचं सील, जावयाचा फोन न लागणं, सगळं मी दोनदा तपासते. म्हणून त्या शनिवारी सरकारी वाहिनीवर आमच्या गावच्या नाटकाची जाहिरात लागली आणि चुन्नीलालभाऊच्या किराणा दुकानात जमलेली माणसं टाळ्या पिटायला लागली, तेव्हा एकटी मीच कपाळाला आठ्या घालून उभी होते.

जाहिरात अशी होती. गुढीपाडव्यापासून सहा रविवार, सकाळी अकरा वाजता, 'वसंतरंग', गावोगावची नाटकं आणि कला. आधी एका बाईने भिंतीवर काढलेले मोर दाखवले, मग एक म्हातारा सनई वाजवताना दिसला, आणि मग आमच्या नाटकाचा हिरो, इंद्रकुमार. फेटा बांधलेला, छाती फुगवलेली. "दादासाहेब, हे दार तुम्ही लावलंत, आता उघडायलाही तुम्हालाच यावं लागेल!" बस, एवढंच. लगेच पुढच्या कोणाचा तरी ढोल सुरू झाला.

मी टाळी वाजवली नाही. कारण ते वाक्य एकदाच ऐकू आलं होतं, आणि ते दोनदा ऐकू यायला पाहिजे होतं.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटक पाठ करून करायची पद्धत नाही. हिरोईन दुपारच्या बसने वडशाहून येते, तोंडाला रंग लावता लावता विचारते, "काका, आज मी कोण आहे? बहीण की बायको?" आणि रात्री पाच तास असं काम करते की बाया पदराने डोळे पुसतात. हे जमतं प्रॉम्प्टरच्या जोरावर. विंगेत, बांबूला टेकून, हातात वही घेऊन तो प्रत्येक वाक्य आधी वाचतो आणि नट ते मागून बोलतो. आमच्या मंडळाचा प्रॉम्प्टर म्हणजे माझा नवरा चैतराम, मंजूचे बाबा. चौतीस वर्षं त्यांनी हे केलं. दिवसा धानाची शेती आणि दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत ही वही. स्टेजवर एकदाही आले नाहीत. हारतुरे झाले ते इंद्रकुमारचे.

नोव्हेंबरात मंडईच्या नाटकाला वाहिनीची माणसं आली. त्यांच्यात रुचिका नावाची नागपूरची मुलगी होती, आवाजाचं काम तिच्याकडे. बिचारीला कोणी सांगितलंच नव्हतं की इथे प्रॉम्प्टर असतो. तिने एक मोठा माइक नेमका मंजूच्या बाबांच्या डोक्यावर, विंगेच्या बांबूला बांधला. पहिला अंक झाल्यावर कानाला लावायचं ते यंत्र तिने माझ्या कानाला लावलं. मी नेहमीप्रमाणे त्यांचा डबा घेऊन विंगेतच बसले होते. "काकू ऐका, हिरोपेक्षा काकांचाच आवाज जास्त येतोय," ती हसत म्हणाली. खरंच येत होता. जाड, खर्जातला, थोडा खर्ऱ्याच्या तंबाखूने घासलेला. घरात ऐकून ऐकून ज्याच्याकडे लक्षही जात नव्हतं तो आवाज यंत्रातून ऐकताना मला लाज वाटली, कोणीतरी अनोळखी पुरुष कानाशी बोलतोय अशी.

जानेवारीत नागपूरला त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. खर्ऱ्याने जे व्हायचं ते झालं होतं. माणूस वाचला, डॉक्टर चांगले होते, पण आवाजाची पेटी काढावी लागली. आता गळ्याला भोक आहे, त्यावर मी पांढरं मलमलचं फडकं बांधते. ते पाटीवर लिहितात. रागावले तर पाटी जोरात ठेवतात, तेवढाच काय तो त्यांचा आवाज.

मला त्यांचा आवाज पाहिजे होता. उगीच आडवळणाने कशाला सांगू? मुलीच्या मोबाइलमध्ये नातवाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ आहे, त्यात ते नुसते हसतात. स्वतःचा फोन साधा बटणांचा. फोटो ढीगभर आहेत, पण आवाज जगात कुठे असेल तर त्या नाटकात होता. पाडवा कधी येतो म्हणून मी दिवस मोजत होते, आणि जाहिरातीत तो आवाज कोणीतरी पुसून टाकलेला निघाला. चुकून गेला असं मला एक क्षणही वाटलं नाही. मला वाटलं, कोणीतरी काढायला लावला.

पहिला संशय इंद्रकुमारवर. नवेगाव बांधच्या बसस्टँडजवळ त्याचं मोबाइलचं दुकान आहे. दुसऱ्याच दिवशी, मोहफुलं वेचून आल्याबरोबर, हातपाय धुऊन मी तिथे जाऊन उभी राहिले.

"काऊन रे इंद्रकुमार, टीव्हीवर तं असा बोलून राहिला, जसा मायच्या पोटातूनच पाठ करून आला! तुह्या काकाचा आवाज कुठी गेला?"

"मले काय माहीत काकी?"

"तुले लाज वाटली असंल. सारा महाराष्ट्र पाहीन, याले दुसरा सांगते तवा हा बोलते."

"अवो नाई काकी! मी कायले काढाले लावीन? काकाच्या भरोशावर तं मी उभा राहत होतो." त्याचे डोळे भरून आले. मला खुर्ची दिली, थंड पाणी आणवलं, रिचार्ज फुकट करून देतो म्हणाला. ज्याच्या मनात काही नाही तो माणूस एवढं करत नाही, असं म्हणत मी परत आले. शिवाय तो नट. डोळ्यांत पाणी आणायला त्याला किती वेळ लागतो, हे मी वीस वर्षं विंगेतून बघितलेलं आहे.

दुसरा संशय चुन्नीलालभाऊवर. तो मंडळाचा अध्यक्ष, वाहिनीच्या कागदांवर सही त्याचीच.

"वहिनी, वो बडे लोग है," तो वजनकाटा पुसत म्हणाला. "त्यायची सिस्टम राहते. आवाज साफ करा लागते म्हंते."

"साफ? माह्या माणसाचा आवाज कचरा होय का?"

"तसं नाई वो. मी काई सांगतलं नाई त्यायले. पाहिजे तं देवाची आन घेतो."

त्याने शपथ घेतली, पण माझ्याकडे न बघता काट्याकडे बघत घेतली. त्यालाही मी मनातल्या यादीत ठेवलं.

शेवटी तिरोड्याला लेकीला, मंजूला फोन केला आणि तिला वाहिनीत विचारायला लावून रुचिकाचा नंबर मिळवला. नागपूरची मुलगी, गोड बोलली. "काकू, काका कसे आहेत? ऑपरेशनचं कळलं मला." मी म्हटलं, "कोनाकडून कळलं? आमी तं सांगतलं नाई." ती लगेच शेतीपाण्याचं विचारायला लागली. तिने विषय बदलला त्यातच मला काय ते कळलं. मी सरळ विचारलं, आवाज कोणी काढायला सांगितला? बराच वेळ 'अं, अं' केल्यावर म्हणाली, "काकू, गावाकडून पत्र आलं होतं. कोणाचं ते सांगणार नाही असं मी कबूल केलंय. तुम्ही कार्यक्रम बघा ना, प्लीज. शेवटपर्यंत बघा."

पत्र! आजकाल कोण पत्र लिहितं? इंद्रकुमार तर नाव लिहितानाही चुका करतो, चुन्नीलालभाऊ फोनशिवाय काही करत नाही. मग मास्तर? ग्रामसेवक? पुढचे दोन आठवडे गावात जो कोणी माझ्याशी जरा हसून बोलला त्याच्यावर मी संशय घेतला. उन्हाळी धानाला इटियाडोह धरणाच्या कॅनॉलचं पाणी आलं होतं. बांधावर शेजारीण म्हणाली, "आता रोज टीव्हीवर येसीन वो देवकाबाई," तर तिच्याशीही मी भांडले. मंजूचे बाबा अंगणात मोहफुलं पसरत माझा तमाशा बघत होते. पाटीवर एकदा लिहिलं, 'जाऊ दे'. मी म्हटलं, "तुमाले काय, तुमाले काई वाटतच नाई!" आणि पाटी पुसून टाकली.

आमचं नाटक तिसऱ्या रविवारी होतं. शनिवारी दुपारी मी पेटीतून त्यांचा चांगला सदरा काढत होते. त्याच्याखाली नाटकाची वही होती, तीच, कोपरे झिजलेली. तिच्यात शेवटच्या पानाला स्पीड पोस्टची पावती. तारीख फेब्रुवारीची. वाहिनीचा पत्ता. पाठवणाऱ्याचं नाव, चैतराम.

अख्ख्या गावाला मी आरोपी केलं होतं आणि चोर माझ्याच घरात माझ्या हातची भाकर खाऊन बसला होता.

मी पावती त्यांच्या पुढ्यात टाकली. त्यांनी बघितली, गळ्यावरचं फडकं सारखं केलं आणि पाटी ओढली. लिहायला वेळ लागला. 'नाटकातला काढा म्हटलं. प्रॉम्प्टर पब्लिकला ऐकू आला तर नाटक पडते. चौतीस वर्षं मी तो ऐकू येऊ दिला नाही.'

"आन मी?" मी ओरडले. "मी पब्लिक होय का? तुमाले तुमच्या नाटकाची लाज राखाची होती. मले काय पाहिजे होतं, तुमी एकदा तरी इचारलं?" मला रडू आलं आणि रडू आल्याचा जास्त राग आला. "आता मले तुमचा आवाज कुठी भेटनार?"

मग सगळं पुसून त्यांनी दोनच शब्द लिहिले, 'उद्या बघ'. मी म्हटलं, मी येणार नाही. तुमचं नाटक तुम्हीच बघा.

गेले. न जाऊन करते काय? मंजू तिरोड्याहून आली होती, तिने हाताला धरून नेलं. चुन्नीलालभाऊने समाजमंदिरात मोठा टीव्ही लावला होता, खाली सतरंज्या, इंद्रकुमार पहिल्या रांगेत नवीन शर्टात. मी मुद्दाम मंजूच्या बाबांपासून लांब, दाराशी बसले. चपला जवळच ठेवल्या, मनात येईल तेव्हा उठता यावं म्हणून.

पाच तासांचं नाटक दीड तासात बसवलेलं. चांगलं दिसत होतं, खोटं कशाला बोलू. इंद्रकुमार शहरातला मोठा नट वाटत होता. विंगेतला आवाज औषधालाही नव्हता. पण मला कळत होतं. प्रत्येक वाक्याआधी इंद्रकुमार श्वासभर थांबत होता, लोकांना वाटत होतं तो विचार करतोय. तो विचार नव्हता, तो माझ्या माणसाला ऐकत होता. मी मान वळवून बघितलं तर मंजूच्या बाबांचे ओठ हलत होते. इंद्रकुमारच्या आधी, प्रत्येक वाक्याला, वही न बघता. आवाज नाही, नुसते ओठ. माझ्याच्याने ते बघवेना, मी परत टीव्हीकडे तोंड केलं.

नाटक संपलं. बाया रडल्या. पडदा पडला आणि नावं यायला लागली. चित्र काळं, नावं पांढरी, एकामागून एक वर सरकत होती. लोक उठायला लागले, पोरं धावायला लागली, चुन्नीलालभाऊ रिमोट शोधत होता. 'प्रॉम्प्टर: चैतराम' असं नाव आलं, आणि ते नाव जागेवरच थांबलं.

मग माइकमध्ये काहीतरी खरखरलं. वही मिटल्याचा आवाज आला. डब्याची कडी वाजली, माझ्या डब्याची, ती ढिली आहे. आणि मग तो आवाज, जाड, खर्जातला, रात्रभर वाचून दमलेला:

"झालं वो मंजूची माय. चाल आता घरी."

चौतीस वर्षं प्रत्येक नाटक संपल्यावर पहाटे ते मला हेच म्हणायचे. कधी मी डुलक्या घेत असायचे, कधी जागी. मी कधी नीट ऐकलंही नव्हतं.

उठलेली माणसं उभीच राहिली. पत्रात त्यांनी लिहिलं होतं, नाटकातला आवाज काढा. नाटक संपल्यानंतरचा काढा, असं लिहिलं नव्हतं; तो शेवटी ठेवा, असंच लिहिलं असणार. पाटीवरही 'नाटकातला' असंच लिहिलं होतं आणि रागाच्या भरात मला ते वाचता आलं नव्हतं.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते टीव्हीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते, मी ऐकलं की नाही याची खात्री करत. नट वाक्य विसरला की विंगेतून ते असंच बघायचे.

मागून कोणीतरी विचारलं, "कोन बोललं वो?"

मी चपला पायात घातल्या, सतरंज्या ओलांडत त्यांच्यापर्यंत गेले आणि त्यांच्या हाताला धरून त्यांना उठवलं.

"चला," मी म्हटलं. "आली मी."